आत्यांच्या उपवासाचे दिवस

कडुलिंब मोहरला की मला थकवा येतो. इतरांना त्या वासानं बरं वाटत असेल. मी शिक्षिका; मला मात्र दहावीच्या परीक्षेला पहारा देतानाचं खोलीतलं ऊन आठवतं, सकाळपासून उभं राहून भरून आलेल्या पोटऱ्या आठवतात, आणि संध्याकाळी स्कूटीवर मागं बसून माझा खांदा घट्ट धरणारा आत्यांचा हात आठवतो. हात हलका होता, पण धरायचा असा की घरी आल्यावरही खांद्यावर तो आहेच असं वाटायचं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, एस्तेरबाई. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत त्यांना सगळे मावशी म्हणत. चर्चमध्येही मावशीच. मी एकटीच आत्या म्हणायचे. त्या गेल्याला आता काही वर्षं झाली. तरी मार्च उजाडला, शाळेच्या आवारात तो बारीक पांढरा सडा पडायला लागला, की संध्याकाळी घराकडे वळताना माझा पाय जड होतो. कुणीतरी तयार होऊन माझी वाट बघत बसलंय असं वाटतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ नेमका परीक्षेच्या दिवसांत येतो. भस्म बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. या दिवसांत रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. सतरंजी अंथरायची, शेजारून खुर्च्या मागून आणायच्या, गाणी, वाचन, प्रार्थना, आणि शेवटी चहा. लग्न होऊन आले तेव्हा मला या सभा फार आवडायच्या. कुणाच्या घरी चहात आलं जास्त, कुणाच्या घरी पेटीचा एक सूर बसलेला, कुणाचं मांजर नेमकं प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांच्या मांडीवर येऊन बसणार. पुढं शाळेतली कामं वाढली, मुलं झाली, आणि मला त्या सभांचं ओझं वाटायला लागलं. आत्यांचं मात्र एकही घर कधी चुकलं नाही.

त्या मूळच्या भोकरदनकडच्या, धावड्याच्या. लहानपणीच आई गेली. वडिलांनी जालन्याला आणून चर्चच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात सोडलं. पुढं लग्न झालं, प्रकाशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा जन्म झाला, आणि तो रांगत असतानाच सासरे गेले. मग त्याच वसतिगृहात आत्या स्वयंपाकाला लागल्या. कित्येक वर्षं शंभरेक मुलींच्या भाकरी थापल्या. वसतिगृह बंद पडलं, पगार थांबला, पण त्यांची कामं थांबली नाहीत. शनिवारी चर्च झाडायचं, बाकांवरची कबुतरांची घाण पुसायची. सरकारी दवाखान्यात ज्याचं कुणी नाही त्याच्या उशाशी बसायचं. कुणाची सून माहेरी जाऊन बसली तर तिला समजवायला जायचं, आणि तिकडं गेल्यावर तिचंच खरं आहे असं वाटलं तर तसं तिच्या सासूला येऊन सांगायचं. शेजारच्या कमलबाई बौद्ध. त्यांच्याकडं जयंतीची खीर शिजली की ढवळायला आत्या हव्यातच. ‘मावशीचा हात लागल्याबिगर खीर लागती तळाला,’ असं कमलबाई म्हणायच्या.

बाहेरच्यांना हे सगळं फार मोठं वाटायचं. घरातल्यांना त्याची किंमत माहीत होती. प्रकाश लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मुळातच कमी बोलणारा. एकदा आमच्याकडं आलेले पाहुणे आत्यांचं कौतुक करत होते, तेव्हा तो बूट घालता घालता म्हणाला, “आईनं मला वाढवलं, हे खरं आहे. पण मधून मधून.” पाहुणे हसले. तो हसला नाही.

मग चर्चमध्ये भांडण झालं. पाळकसाहेबांच्या बदलीवरून सुरू झालं. काहींना ते राहायला हवे होते, काहींना जायला. कुणाचं बरोबर होतं हे मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं, आणि आता ते उकरण्यात काही राहिलेलं नाही. एवढंच झालं की अर्धी माणसं चर्चमध्ये उपासना करायला लागली आणि अर्धी त्याच आवारातल्या बंद वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. चर्चकडचे पुढारी वसंतराव, हॉलकडचे एलियाभाऊ. वसंतरावांची सख्खी बहीण शालिनी ही एलियाभाऊंची बायको. भाऊ एकीकडं, नवरा दुसरीकडं. रविवारी ती फाटकातून आत शिरायची तेव्हा मान खाली असायची.

आत्या दोन्हीकडं जायला लागल्या. आधी चर्चमध्ये बसायच्या. तिथलं शेवटचं गाणं सुरू झालं की हळूच उठून, आवार ओलांडून हॉलमध्ये जायच्या. तिथं अजून प्रवचन चाललेलं असायचं. दोन्हीकडच्यांना ते खुपायचं. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण त्या आत आल्या की बाकावरची माणसं उगीच सरकून बसायची.

त्यांच्या शेवटच्या उपवासाच्या दिवसांत त्यांचं हृदय थकलेलं होतं. पायांवर सूज यायची. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत, उन्हात जायचं नाही, असं बजावलं होतं. आत्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि रिक्षातून घरी येताना मला म्हणाल्या, “शोभा, औंदा मला सगळ्या घरी जायचंय. इकडच्या बी आन् तिकडच्या बी.”

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची इच्छा आहे, दोन दिवसांत विसरतील. पण दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या केंद्रावरून आले, तर त्या पांढरं पातळ नेसून, बायबल आणि चष्मा पिशवीत घालून, पलंगाच्या कडेला बसलेल्या.

“आली का? पाणी पी आन् चल. जल्दी.”

दोन गट म्हणजे एका संध्याकाळी दोन सभा. एक जुन्या जालन्यात, तर दुसरी कुंडलिकेच्या पुलापलीकडं नव्या जालन्यात. पुलावर ट्रक, ॲपेरिक्षा, भुसार मालाच्या गाड्या, धूळ. मागं आत्या. खड्डा आला की त्यांच्या तोंडून ‘प्रभू’ असा बारीक आवाज यायचा. मी दिवसभर पोरांच्या मागं उभी राहिलेली, घरी भाजी चिरायची राहिलेली, नळाला त्या दिवशी पाणी येणार असेल तर जीव तिकडं. सभेत गाणं सुरू झालं की माझे डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं, शोभा किती तल्लीन झाली.

प्रत्येक घरी चहाच्या वेळी आत्या गुड फ्रायडेबद्दल एकच गोष्ट बोलायच्या. “उत्तम शुक्रवारी एका जागी बसा. एकच दिवस. प्रभू क्रुसावर हाय त्या दिवशी तरी. मंग ईस्टरपासून पुन्हा भांडा, मी काय बोलणार न्हाई.”

लोक हसायचे, कपबशा गोळा करायचे. वसंतराव मात्र त्यांच्या घरी हसले नाहीत.

“मावशी,” ते म्हणाले, “तुम्ही नेमक्या कुणाकडच्या, ते एकदा सांगून टाका. लोक मला विचारतात.”

आत्यांनी बशीतला चहा संपवला. “तुला गोवर आल्ता, तू डोळे उघडत नव्हता, तव्हा तुझ्या मायनं मला बोलवून घेतलं. तव्हा कुणी इचारलं न्हाई, एस्तेर कोनाकडची.”

वसंतरावांनी रिकामी बशी उचलली. मग म्हणाले, “बघू, मावशी.”

एलियाभाऊंकडंही तेच. ते फार प्रेमानं वागले, आत्यांच्या पायाखाली उशी ठेवली, आणि म्हणाले, “आमचा काय नकार न्हाई मावशी, पण पहिलं पाऊल त्यांनी उचलावं. बघू.” शालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

परत येताना पुलावर आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “बघू म्हणजे न्हाई.”

“माहीत आहे ना? मग कशाला जीव काढताय?” मी म्हटलं. वाऱ्यात ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

एक दिवस मात्र मी अडून बसले. त्या दिवशी गणिताचा पेपर होता, भरारी पथक येऊन गेलं होतं, सगळ्यांच्याच डोक्याला ताप झाला होता. घरी आले तर आत्या तयार. मी चप्पलही काढली नाही, दारातच बसले.

“आत्या, आज नको. माझ्यात जीव नाही. आणि तुमचे पाय बघा.”

“पाय माझे हायेत. मी घेऊन जाऊन राह्यले त्यांना. तू कामून काळजी करती?”

“मी करते कारण तुम्हाला नेते मी! एवढी कसली हौस तुम्हाला? सगळं आयुष्य लोकांच्या घरी घातलं. अजून पोट भरलं नाही?”

आत्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, आणि एकदम अशा आवाजात बोलल्या की तो मी आधी ऐकलेला नव्हता.

“हौस? तुला वाटलं मला हौस हाय? मी लई थकले, शोभा. आज न्हाई, लई वरसांपासून थकले. शनिवार आला की मला उठू वाटत न्हाई, आता चर्च झाडायचं म्हणून. कुनी दारात आलं, मावशी चला म्हनलं, की मनात येतं, मी घरात न्हाई म्हनून सांगावं. प्रकाश लहान होता तव्हा त्याला झोपलेला सोडून जायचे. रडत जायचे. लोकांना वाटायचं मावशी दुसऱ्याच्या दुःखानं रडती.”

मी विचारलं, “मग का गेलात?”

“गेले न्हाई तर ते मानूस एकटंच बसल ना,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोन जाऊन राह्यलं होतं?”

बस, एवढंच. देवानं सांगितलं म्हणून, असं त्या म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना एक ठरावीक बाई समजत होते, जिला थकवा येत नाही, जिला लोकांत राहण्याचं वेड आहे. तिच्यावर चिडणं सोपं होतं. ही समोर बसलेली बाई माझ्याइतकीच दमलेली होती, आणि तिचं दमणं माझ्यापेक्षा कितीतरी जुनं होतं. मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि स्कूटी काढली. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही घरी गेलो. का कोण जाणे, वाटेत मला त्यांचा हात जड वाटला नाही.

उत्तम शुक्रवार आला. ऊन असं की आवारातली फरशी पायाला चटके देत होती. दुपारी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरून येशू जे सात वेळा बोलला त्यावर सात प्रवचनं. चर्चमध्ये वेगळी मांडणी झालेली, हॉलमध्ये वेगळी. दोन्हीकडं कर्णे लावलेले. फाटकात रिक्षातून उतरल्यावर आत्या थांबल्या. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

“शोभा, मला एक खुर्ची आन.”

“कुठं ठेवू?”

“मधी. त्या चिंचेखाली.”

मी चर्चच्या व्हरांड्यातून प्लास्टिकची खुर्ची आणली. आत्या बसल्या. दोन्ही कर्ण्यांचे आवाज एकमेकांत घुसत होते. चर्चमध्ये तिसरं प्रवचन चाललेलं, तर हॉलमध्ये अजून दुसरंच. इकडं गाणं सुरू झालं की तिकडची प्रार्थना बुडायची. आत्यांना काही ऐकू येत होतं का, कळत नव्हतं. त्या मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. मी आत चला म्हणून विनवलं. त्या मान हलवून नाही म्हणाल्या.

थोड्या वेळानं हॉलमधून शालिनी बाहेर आली. हातात पाण्याची बाटली. तिनं आत्यांना पाणी पाजलं आणि तिथंच फरशीवर, पदर डोक्यावर ओढून बसली. मग चर्चमधून एक म्हातारी आली, मग हॉलमधून दोघी, मग एक लेकुरवाळी. सात-आठ बायका असतील. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. कुणी प्रार्थना सांगितली नाही. पुरुषांपैकी कुणी आलं नाही. खिडकीतून मात्र माना वळताना दिसत होत्या.

तीन वाजता लोक बाहेर पडले. बरेच जण येऊन ‘सलाम मावशी’ करून गेले. वसंतरावही आले. बहिणीला तिथं बसलेली बघून ते जरा चाचरले.

“मावशी, ऊन लागेल. आत यायचं होतं ना.”

“कोणत्या आत, वसंता?” आत्यांनी विचारलं.

वसंतराव निघून गेले. एलियाभाऊ दुसऱ्या दारानं गेले. मी आत्यांना उठवायला हात दिला, तर त्यांचं अंग तापलेलं होतं.

त्यानंतर त्या कुठंच गेल्या नाहीत. ईस्टरच्या पहाटे गल्लीतून गाणी गात माणसं गेली, तेव्हा मी त्यांना हाक मारली. त्या जाग्या होत्या, पण म्हणाल्या, “तू जा. मी पडते.” मला त्यांच्या सुजेपेक्षा त्या शब्दांची भीती वाटली. दिवसभर पडून असायच्या. कमलबाई येऊन पाय चेपायच्या. प्रकाश पाळीवरून आला की आता थेट त्यांच्या पलंगापाशी बसायचा. दोघं फार बोलायचे नाहीत. एकदा मी चहा घेऊन गेले तर तो त्यांना भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून भरवत होता, आणि त्या निमूट खात होत्या. आई मुलाच्या घरी राहायला आली होती, असं मला वाटलं. फार उशिरा, पण आली होती.

त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. “मला माती देताना भांडू देऊ नको.”

ईस्टर होऊन आठवडाही उलटला नव्हता. मी शाळेला निघण्याच्या तयारीत होते. प्रकाशनं आतून मला हाक मारली. त्याच्या आवाजावरूनच कळलं.

ऊन चढायच्या आत दोन्हीकडची माणसं आमच्या ओट्यावर जमली होती. आतून बायकांचं रडणं येत होतं, आणि बाहेर दबक्या आवाजात वाद सुरू झाला होता. वसंतराव म्हणत होते, मावशींचा बाप्तिस्मा, लग्न सगळं चर्चमध्ये झालं, अंत्यविधी तिथूनच. एलियाभाऊ म्हणत होते, जिथं आयुष्यभर राबल्या तो हॉल आहे, त्यांना तिथं नेलंच पाहिजे. आत आत्यांच्या अंगाखाली बर्फाच्या लाद्या वितळत होत्या. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

मी बाहेर आले. आमच्याकडं अशा वेळी सुनेनं बोलायची रीत नाही. पण माझे पाय ओले झाले होते आणि मला कशाचंच भान नव्हतं.

“चर्चमध्ये न्यायचं नाही आणि हॉलमध्येही नाही,” मी म्हटलं. “इथूनच, या ओट्यावरून. दोघांनी मिळून करायचं असेल तर करा. नाहीतर राहू द्या, आम्ही घरचेच नेतो. कमलबाईंची मुलं आहेत खांदा द्यायला.”

कुणी तरी म्हणालं, असं कसं, रीत आहे काही. तेव्हा भिंतीला टेकून बसलेला प्रकाश उठला. “शोभा म्हणते तसंच होईल,” तो म्हणाला. एवढंच.

झालं तसंच. एकानं वाचन केलं, दुसऱ्यानं प्रार्थना. कब्रस्तानात काळी माती वाळून दगडासारखी झाली होती. पेटी खाली उतरली तेव्हा मात्र पुन्हा सगळे घुटमळले. वसंतरावांच्या मुठीत माती, एलियाभाऊंच्या मुठीत माती, आणि पहिलं कोण हे कुणाला कळेना. कमलबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या गर्दीतून पुढं आल्या, वाकून एक ढेकूळ उचललं, हातानं फोडून बारीक केलं आणि हळूच सोडलं. “जा माय,” म्हणाल्या, “आता निवांत झोप.” मग सगळ्यांचे हात एकदम पुढं आले. गाणं कुणी सुरू केलं ते कळलं नाही, पण ते एकच होतं.

मला त्या दिवशी वाटलं, झालं, मिटलं. पुढच्या रविवारी पुन्हा दोन उपासना झाल्या. आजही होतात. कर्णे आता जरा हळू आवाजात लावतात, एवढाच फरक. शालिनी अजूनही मान खाली घालून फाटकातून येते. मी कधी इकडं जाते, कधी तिकडं. कधी कधी कुठंच जात नाही, रविवारी उशिरापर्यंत झोपते.

सुरुवातीला लोक सवयीनं आमच्याकडं यायचे. कुणाच्या घरी आजारपण, कुणाकडं दुःख. ‘मावशी नाहीत, तर तुम्ही या,’ म्हणायचे. मी नाही म्हणायचे. मला प्रार्थना करता येत नाही, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. आणि खरं सांगायचं तर मी बघितलं होतं ते काम माणसाचं काय करतं. हळूहळू लोक यायचे थांबले.

यंदा मोहर आला, पेपर सुरू झाले, आणि परवा शाळेतून निघताना शालिनीचा फोन आला. हॉलकडच्या मथुराबाई पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. मुलं पुण्याला. “रोज तुझं नाव काढून राह्यल्यात,” शालिनी म्हणाली. मी फोन ठेवला. घराकडं निघाले होते, पण चौकात सिग्नलला थांबले आणि दुसरीकडं वळले.

खोलीत पंखा फिरत होता. मथुराबाईंच्या अंथरुणाला औषधाचा वास. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “प्रार्थना कर.” मी डोळे मिटले. शब्द येईनात. काहीच येईना. दिवसभराचा थकवा तेवढा चढत होता, डोळ्यांच्या मागं, मानेत, पाठीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. गल्लीतून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. शेवटी मथुराबाईंनीच ‘आमेन’ म्हटलं.

“मला काही सुचलंच नाही,” मी म्हटलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बोलनारे लई येतात.” मग माझा हात न सोडता विचारलं, “उद्या येती का?”

उद्या इतिहासाचा पेपर होता.

“परवा येते,” मी म्हटलं.